गुणी मुलगी, गप्प मुलगी

आपल्या चळवळीत ‘आवाज’ हा शब्द फार वेळा येतो. आवाज उठवा, आवाज दाबू देऊ नका, आमचा आवाज ऐका. मोर्चात या घोषणा मीही घसा बसेपर्यंत दिल्या आहेत. पण माझं पोट ज्या कामावर चालतं ते काम अगदी शब्दशः आवाजाचं आहे. ठाण्यातल्या बाळकुम आणि आसपासच्या शाळांमध्ये मी वाचाउपचार सहाय्यक म्हणून जाते. मुलं मला ‘बोलायच्या बाई’ म्हणतात. या अंकाचं संपादकीय लिहायची पाळी माझ्यावर आली तेव्हा वाटलं, मोठ्या विषयाचा आव आणण्यापेक्षा रोज जे बघते तेच तुमच्यासमोर मांडावं. त्यात माझी एक चूक आहे. ती आधी सांगायला हवी.

आधी जागेबद्दल. कापूरबावडीहून भिवंडीकडे जाणाऱ्या जुन्या आग्रा रस्त्यावर बाळकुम नाका लागतो. मूळचं हे आगरी-कोळ्यांचं गाव. खाडीवरचा कशेळीचा पूल ओलांडला की काल्हेर-कशेळीची गोदामं सुरू होतात. गावाच्या डोक्यावर आता उंच उंच टॉवर उभे राहिले आहेत. टॉवरमध्ये घरकामाला जाणाऱ्या, गोदामात माल भरणाऱ्या, रिक्षा चालवणाऱ्या माणसांची मुलं आमच्या शाळांत येतात. एका बाकावर आगरी बोलणारं, शेजारी मराठवाड्यातून आलेलं, पलीकडे घरी भोजपुरी बोलणारं मूल बसलेलं असतं. या मुलांत ज्यांना बोलण्यात, भाषा समजण्यात किंवा ऐकण्यात अडचण आहे त्यांच्याबरोबर मी काम करते.

काम कसं चालतं? मला स्वतंत्र खोली नाही. कधी जिन्याखाली, कधी खिचडीच्या तांदळाची पोती ठेवलेल्या खोलीत मी चटई टाकते. पिशवीत आरसा, शिट्या, फुगे, सरबताच्या नळ्या, कागदाचे कपटे आणि चित्रांचा गठ्ठा. ‘काका’ला ‘ताता’ म्हणणाऱ्या मुलाला जिभेचं टोक खाली ठेवून मागचा भाग वर उचलायला शिकवायचं असतं. त्याला आधी गुळण्या करायला लावल्या की ती जागा कुठे आहे हे त्याला आपोआप कळतं. ‘प’ म्हणताना ओठासमोरचा कपटा उडाला की मूल हसतं, आणि हसता हसता दहा वेळा ‘प’ म्हणतं. काही मुलं बोलणारच नसतात. त्यांच्यासाठी चित्रांचा फलक करतो, बोट ठेवून मूल आपलं म्हणणं सांगतं. निदान करणं, तपासणीचा अर्थ लावणं, उपचार ठरवणं हे माझं काम नाही, ते तज्ज्ञांचं. तज्ज्ञ बाई ठरावीक दिवसांनी येतात आणि त्यांनी आखून दिलेलं काम मधल्या दिवसांत मी करते. बारावीनंतर श्रवण, भाषा आणि वाचा या विषयाची पदविका मी केली. मी केली तेव्हा ती एक वर्षाची होती. भारतीय पुनर्वास परिषदेची तिला मान्यता आहे. या परिषदेला १९९२ च्या कायद्याने वैधानिक दर्जा मिळाला.

आता ती चूक.

तिसरीच्या एका वर्गात मी दीड वर्ष जात होते. त्या वर्गातली दोन मुलं माझ्याकडे होती. त्यांच्याच पुढच्या बाकावर एक मुलगी बसायची. (ओळख पटू नये म्हणून तिच्याबद्दलचे तपशील मी थोडे बदलले आहेत.) पहिल्या बाकावर, पाठ ताठ, डोळे बाईंच्या तोंडाकडे. वर्गशिक्षिका कौतुकाने म्हणायच्या, “ही आमची गुणी मुलगी. आवाजसुद्धा नाही हो तिचा.” मीही मान डोलवायचे. एक दिवस मी तिला सहज नाव विचारलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि मग शेजारणीकडे. शेजारीण पटकन म्हणाली, “ती नाय बोलत बाई, तिचं मी सांगते.” पहिलीपासून ती शेजारीण तिच्या वतीने बोलत होती. हजेरी तीच द्यायची, पाढे तीच म्हणायची, लघवीला जायचं तेव्हा तीच विचारायची. आठ वर्षांच्या पोरीला जे कळलं होतं ते माझ्या पदविकेला कळलं नव्हतं.

पुढे तपासणी झाली. तिला दोन्ही कानांनी कमी ऐकू येत होतं. पूर्ण बहिरी नव्हती. म्हणून तर ते कोणाच्या लक्षात आलं नाही. हाक मारली तर वळायची. स्वर ऐकू यायचे, पण स, श, त, क असे हलके आवाज निसटून जायचे. ती बाईंच्या ओठांवरून अर्थ जुळवत होती. बाई फळ्याकडे वळल्या, पाठ झाली, की तिचा वर्ग संपायचा. ती ज्या एकाग्रतेने बाईंच्या तोंडाकडे बघायची, त्याला आम्ही शिस्त म्हणत होतो.

तिच्या आईला शाळेत बोलावलं. जालन्याकडची बाई, तीन घरची धुणीभांडी करते. ऐकून बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “गप ऱ्हाती म्हणून बरंच वाटायचं बाई. कागाळ्या यायच्या त्या थोरल्या पोराच्या.”

मैत्रिणींनो, त्या वाक्यानंतर मी घरी जाऊन माझ्या नोंदवहीची पानं उलटली. शिक्षकांनी माझ्याकडे पाठवलेल्या मुलांत मुलींची नावं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. याचं एक कारण निसर्गात आहे, ते नाकारून चालणार नाही. बोलण्याच्या काही अडचणी मुलग्यांमध्ये खरोखरच जास्त असतात. अडखळत बोलणं मोठ्या वयात पुरुषांमध्ये बायकांच्या सुमारे चौपट आढळतं. पण सगळा फरक निसर्गाच्या माथी मारता येत नाही. मुलगा बोलत नाही तेव्हा घर हादरतं: याचं पुढे कसं होणार, नोकरी कोण देणार? मुलगी बोलत नाही तेव्हा घराला ती वळणाची वाटते. मुलाचं गप्प असणं हे लक्षण ठरतं, मुलीचं गप्प असणं हा गुण ठरतो. मुलाची अडचण बहुतेकदा दंगा होऊन बाहेर पडते, त्यामुळे शिक्षक कंटाळून का होईना त्याला माझ्याकडे पाठवतात. मुलगी कोणालाच त्रास देत नाही, म्हणून तिला कोणी पाठवत नाही.

मोठ्या आकड्यांकडे बघतानाही हे मनात ठेवायला हवं. २०११ च्या जनगणनेत वाचादोष असलेल्या सुमारे २० लाख व्यक्तींची नोंद झाली. त्यात पुरुष सव्वाअकरा लाखांच्या आसपास, बायका पावणेनऊ लाख. हा फरक किती निसर्गाचा आणि किती न विचारण्याचा, हे त्या तक्त्यावरून सांगता येणार नाही. पण जी पोर स्वतःच्या वर्गात मोजली गेली नाही, ती दारात आलेल्या प्रगणकाच्या कागदावर उतरली असेल असा भरवसा मला वाटत नाही.

आणि मोजलं न जाण्याचे परिणाम रोकडे आहेत. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकारचं अपंगत्व होतं. त्यात श्रवणदोष होता, पण वाचा आणि भाषेचा दोष स्वतंत्रपणे नव्हता. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने एकवीस प्रकार मानले आणि त्यात तो आला. शाळा-अंगणवाड्यांतून मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या पालघरलाच सुरू झाला. कमी ऐकू येणं आणि भाषा उशिरा येणं या दोन्ही गोष्टी त्याच्या यादीत आहेत. समग्र शिक्षा योजनेत विशेष गरजा असलेल्या मुलींना वर्षातले दहा महिने दरमहा २०० रुपये प्रोत्साहन भत्ता ठेवला आहे. श्रवणयंत्रासाठी १९८१ पासून केंद्राची साहाय्यक साधनांची योजना आहे. म्हणजे कागदावर पुष्कळ आहे. पण या प्रत्येक दारावर आधी नोंद दाखवावी लागते, आणि गुणी मुलीची नोंदच नसते.

आता आयांबद्दल. मूल बोलत नाही म्हटलं की पहिलं बोट आईकडे जातं. टाळूला किंवा ओठाला फट असलेलं मूल असेल तर विचारतात, गरोदरपणी ग्रहणात सुरी हातात धरली होतीस का? विळीवर बसली होतीस का? ओठ-टाळू गर्भाच्या पहिल्या तीन महिन्यांत जुळतात. ते का जुळले नाहीत याची कारणं अनेक आहेत, ग्रहणाचा त्यात काडीचा संबंध नाही. पण ती बाई सासरी जन्मभर ‘ग्रहण न पाळलेली’ म्हणून राहते. मूल उशिरा बोलायला लागलं तर जिभेला वेखंड लावला नाहीस, असं सासू म्हणते. आणि शिकलेल्या घरात, मोबाईल दिलास म्हणून, असं नवरा म्हणतो. आरोपाचे शब्द बदलले, आरोपी तीच राहिली.

आणि आम्ही उपचारवाले तरी काय करतो? प्रत्येक भेटीच्या शेवटी सांगतो, “घरी रोज अर्धा तास करून घ्या.” हे कोणाला सांगतो? आईलाच. कितीतरी वर्षं मीही तेच सांगत आले. चार वाजता उठून पाणी भरणाऱ्या, तीन घरची भांडी घासून आलेल्या बाईच्या डोक्यावर मी आणखी एक काम ठेवत होते, आणि ते झालं नाही की वहीत लिहीत होते, ‘आईचं सहकार्य नाही’. तपासणीसाठी हॉस्पिटलला जायचं म्हणजे तिचा खाडा, रिक्षाचं भाडं, आणि परत आल्यावर कामावरच्या बाईंची बोलणी. वडिलांचं सहकार्य नाही, असं मी एकदाही लिहिलं नव्हतं, कारण ते मी मागितलंच नव्हतं.

आता मी मागते. रात्रपाळीहून आलेल्या बापाला सांगते, पोराला शाळेत सोडायला तुम्हीच येता ना, मग वाटेवर दिसेल त्याचं नाव मोठ्याने घ्या: बस, कुत्रा, भाजीवाली, खड्डा. त्यासाठी वेगळा अर्धा तास लागत नाही. काही करतात, काही हसून सोडून देतात. पण वहीत आता दोन रकाने आहेत.

आणखी एक गोष्ट, भाषेची. एका मुलाला ‘ळ’ आणि ‘ण’ म्हणता येत नाही अशी चिठ्ठी देऊन शिक्षिकेने माझ्याकडे पाठवलं. आगरी घरातला मुलगा. ‘पानी’ म्हणायचा, ‘डोला’ म्हणायचा. मी आरसा काढला, जीभ मागे वळवायला शिकवू लागले. त्याला न्यायला आलेली आजी दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, “आमी पन आसाच बोलताव. मंग आमी काय आजारी हाव?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्या गावात मी उभी होते त्या गावाचं नावसुद्धा तिथले जुने लोक ‘बालकुम’ असंच घेतात. मूल घरच्या, गावच्या बोलीत बरोबर बोलत असेल तर तो दोष नव्हे. बोलीतला फरक आणि वाचेतला दोष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आम्हाला शिकवलेलं असतं. पण वर्गातला प्रमाण मराठीचा दरारा असा, की शिकलेलं विसरायला होतं. ज्या पोरीला ‘तुझ्या आईची भाषा अशुद्ध’ असं पहिलीत सांगितलं जातं, ती दुसरीत हात वर करेनाशी होते. मग आपण तिला अबोल म्हणतो. म्हणजे काही मुली गप्प असतात म्हणून आमच्याकडे येत नाहीत, आणि काही आम्हीच गप्प केलेल्या असतात. पुस्तकातली मराठी तिला यायलाच हवी, पण आईची बोली पुसून नव्हे. तिच्या जोडीने.

आता जी गोष्ट बोलायला सगळ्यांत अवघड आहे, तिच्याकडे येते. न बोलणाऱ्या मुलीला आपण पहिले शब्द कुठले शिकवतो? पाणी, दे, ये, आई, टाटा. म्हणजे मागायचे आणि आज्ञा पाळायचे शब्द. चित्रांच्या फलकावरही हीच चित्रं असतात. शरीराच्या अवयवांचा तक्ता नाक, कान, डोळे, हात, पोट आणि पाय इथे संपतो. मधल्या अवयवांना नाव नाही, चित्र नाही. उद्या या मुलीला कोणी नको तिथे हात लावला तर तिने ते सांगायचं कसं? अत्याचार करणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. तो म्हणूनच तिला निवडतो.

कायदा या बाबतीत आपल्यापेक्षा पुढे गेला आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्यात, बोलू न शकणाऱ्या मुलाचा जबाब घेताना विशेष शिक्षक किंवा त्या मुलाची संवादाची पद्धत जाणणाऱ्या माणसाची मदत घेण्याची तरतूद आहे. २०१३ च्या फौजदारी कायदा दुरुस्तीने पुरावा कायद्यात, बोलून सांगू न शकणाऱ्या साक्षीदाराच्या जबाबासाठी दुभाषा किंवा विशेष शिक्षकाची मदत आणि त्या जबाबाचं चित्रीकरण आणलं. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते कायम आहे. ही कलमं आकाशातून पडली नाहीत, मथुरा प्रकरणापासून रस्त्यावर उतरलेल्या बायकांच्या लढ्याचा त्यांना आधार आहे. पण दुभाषा तरी काय करील? मुलीकडे शब्दच नसेल, खूण नसेल, फलकावर चित्रच नसेल, तर तो भाषांतर कशाचं करणार? न्यायालयातला तो जबाब तिसरीच्या वर्गात तयार होतो, किंवा होत नाही.

म्हणून तज्ज्ञ बाईंशी बोलून मी फलकावर दोन गोष्टी वाढवल्या. पूर्ण शरीराचं चित्र, सगळ्या अवयवांसकट. आणि आडवा केलेला तळहात: ‘नको’. पहिल्या दिवशी एका शिक्षिकेने चित्र उलटं करून ठेवलं. एका आईने विचारलं, “हे कशाला, पोरगी चावट होईल.” मी घाबरलेच होते. पण मग आयांच्या बैठकीत आम्ही याच विषयावर बोललो, आणि उलट चित्र मागून घेणारी पहिली बाई तीच निघाली.

पहिल्या बाकावरची ती मुलगी आता श्रवणयंत्र लावते. चमत्कार झालेला नाही. यंत्र लावलं की भाषा आपोआप येत नाही, हरवलेली वर्षं एकेक शब्द करून भरावी लागतात. यंत्राचे सेल संपतात, पावसात ते ओलं होतं, मुलं चिडवतात म्हणून ती ते दप्तरात लपवते. पण परवा शेजारणीने सवयीने तिची हजेरी दिली, तेव्हा तिने शेजारणीच्या दंडावर हात ठेवला आणि म्हणाली, “नको. मी.” वर्गशिक्षिकेने मला मधल्या सुट्टीत शोधून काढून हे सांगितलं. वर म्हणाल्या, “आता फार बोलते हं, गप्प बसवावं लागतं.” तक्रार होती की आनंद, मला अजून ठरवता आलेलं नाही.

शेवटी आमच्याबद्दल, कारण हे मासल्याचं बायकांचं काम आहे. अमेरिकेत वाचाउपचाराच्या व्यवसायात १०० पैकी ९५ च्या आसपास बायका आहेत. आपल्याकडेही ज्या खोलीत आम्ही प्रशिक्षणाला बसलो होतो तिथे पुरुष शोधावा लागत होता. जिथे बायका जास्त, तिथे काम ‘सेवा’ ठरतं आणि पगार ‘मानधन’. मी ज्या संस्थेकडे आधी होते तिथे अकरा महिन्यांचा करार, मग एक महिना खंड, मग पुन्हा नवा करार. एका सहकारिणीच्या बाळंतपणाच्या वेळी करार नेमका संपला. मातृत्व लाभ कायदा १९६१ मध्ये झाला, २०१७ च्या दुरुस्तीने रजा २६ आठवड्यांची झाली, आणि कराराची मुदत संपली म्हणून हा लाभ नाकारता येत नाही असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये सांगितलं. तिला तेव्हा हे कोणी सांगितलं नाही. मीही नाही. दर नव्या करारात माणूस बदललं की मुलाचं नुकसान होतं ते वेगळंच. जे मूल सहा महिन्यांनी एका बाईसमोर तोंड उघडतं, त्याला नव्या बाईसमोर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. विशेष शिक्षकांच्या बाबतीत केंद्र सरकारने २०२२ मध्ये प्राथमिकला दहा मुलांमागे एक आणि वरच्या वर्गांना पंधरा मुलांमागे एक असं प्रमाण घालून दिलं. वाचाउपचारासाठीही असं प्रमाण आणि कायम पदं मागायला हवीत. ही मागणी आमच्या पोटाची आहे, तशीच त्या मुलांचीही आहे.

तर मैत्रिणींनो, आपल्या गटांनी काय करावं? वस्तीत बैठक घ्याल तेव्हा ‘मूल बोलतं ना?’ एवढंच विचारू नका; ‘मुलगी स्वतःचं स्वतः सांगते का, की तिचं दुसरं कोणी सांगतं?’ असं विचारा. कान वाहत असेल तर तेल न घालता दवाखान्यात न्यायला सांगा. शाळेत जाऊन तपासणीची यादी मागा आणि तिच्यात मुली किती ते मोजा. समुपदेशन केंद्रात न बोलणारी बाई किंवा मुलगी आली तर तिच्याबरोबर आलेल्या नातेवाईकाशीच बोलून प्रकरण मिटवू नका. तिची खूण जाणणारं कोणी शोधा, आणि तोपर्यंत थांबा. आणि ग्रहणाचं नाव काढणाऱ्याला जागच्या जागी अडवा.

मी माझ्यापुरता एक नियम केला आहे. कुठल्याही नव्या वर्गात गेले की आधी चिठ्ठीवरची नावं बघत नाही. प्रत्येक मुलापुढे एक चित्र धरते आणि म्हणते, सांग बघू, इथे काय चाललंय? एका मुलाला दोन मिनिटं. पन्नास मुलांचा वर्ग असेल तर दोन-तीन दिवस जातात, मुख्याध्यापक घड्याळाकडे बघतात. पण जिच्यावर कोणाची तक्रार नाही, अशा एखाद्या गुणी मुलीपाशी माझा हात थांबतो. मग मी तिच्या शेजारणीला सांगते, तू नको, तिला सांगू दे. आणि वाट बघत बसते.

तुमची,
संपादक मंडळाच्या वतीने